‘बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं’ : एका वाक्यावरून इतिहासाचा निबंध कसा उभा करायचा

मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर बसा. दुष्काळाचा विषय निघाला की एखादं म्हातारं माणूस हे बोलणारच : “बहात्तरला पानी व्हतं, धान्य नव्हतं. आता धान्य हाय, पानी न्हाई.” मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. दरवर्षी प्रकल्पाचे निबंध तपासायला घेतले की पाच-सहा निबंधांची सुरुवात याच वाक्यानं होते. पोरं ते लिहितात आणि पुढे सरकतात. मी समासात एकच शब्द लिहितो : “कशावरून?”

इतिहासाच्या निबंधाचं सगळं काम या शब्दात आहे. तुम्ही जे म्हणता ते कशावरून म्हणता, आणि वाचणाऱ्यानं ते का मानावं? ज्यांना बी.ए., एम.ए.चा प्रकल्प करायचा आहे, १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, निबंध स्पर्धेत लिहायचं आहे किंवा आपल्या गावाबद्दल नीट काही लिहून ठेवायचं आहे, त्यांच्यासाठी मी हे एकच वाक्य हातात घेऊन सगळी वाट दाखवतो. तुमचा विषय वेगळा असला तरी पावलं हीच पडतील.

आधी प्रश्न, मग बाकी सगळं

“१९७२ चा दुष्काळ” हा विषय झाला. विषय घेऊन बसलं की माणूस माहिती गोळा करत सुटतो, वही भरते आणि शेवटी निबंधाचं गाठोडं होतं. प्रश्न घेतला की उत्तर द्यावं लागतं आणि कुठली माहिती लागणार नाही हेही कळतं.

आपलं वाक्य जरा उलगडून बघा. पाणी होतं म्हणजे कुठलं? प्यायचं, जनावरांचं की शेताचं? कधी? जून १९७२ मध्ये की मे १९७३ मध्ये? कुणाच्या विहिरीत? धान्य नव्हतं म्हणजे बाजारात आलंच नव्हतं, की आलेलं घ्यायला खिशात पैसा नव्हता? या दोन गोष्टींत फार अंतर आहे. बाजारात ज्वारी असूनही मजुराच्या घरात चूल पेटत नाही, असं होऊ शकतं.

एवढं उलगडल्यावर निबंधाचा प्रश्न असा होतो : १९७२-७३ मध्ये आमच्या गावात टंचाई नेमकी कशाची होती, आणि ती कुणाच्या वाट्याला किती आली? हा प्रश्न मला आवडतो. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त संपत नाही, त्याची साधनं एसटीनं जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत आणि तो दोन-अडीच हजार शब्दांत मावतो. तुमचा प्रश्न या तीन कसोट्यांवर घासून बघा. “मराठवाड्यातील दुष्काळांचा इतिहास” तिसऱ्या कसोटीवरच पडेल.

सांगाडा उभा करा

साधनांना हात घालण्याआधी दोन-तीन दिवस छापील पुस्तकं वाचा आणि तारखांचं एक पान तयार करा. आपल्या प्रश्नासाठी ते साधारण असं होईल : १९७० पासून राज्यात पावसानं लागोपाठ दगा दिला आणि १९७२ चा पावसाळा सर्वांत वाईट गेला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. सरकारनं टंचाईची कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, बंडिंग, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. रोजगार हमीच्या कल्पनेमागे वि. स. पागे, कायदा झाला १९७७ मध्ये आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

या पानामुळे एक ठरलेली चूक टळते. “रोजगार हमी कायद्यामुळे बहात्तरला लोक जगले” असं पोरं हमखास लिहितात. कायदा नंतरचा आहे. बहात्तरची कामं टंचाईची कामं म्हणून निघाली होती.

आणखी दोन खाचखळगे आपल्या भागातले आहेत. पहिला जिल्ह्यांचा. १९७२ मध्ये मराठवाड्यात पाचच जिल्हे होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. १९७१ च्या जनगणनेत कुणी लातूर जिल्हा शोधत बसलं तर दिवस वाया जाईल; लातूर तालुका उस्मानाबादेत बघायचा. आज आपण छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव म्हणतो, पण जुन्या सूचीत आणि बस्त्यांवर, म्हणजे कागदांच्या गाठोड्यांवर, जुनीच नावं आहेत. कागदावर जे नाव असेल तेच तळटिपेत लिहायचं, आजचं नाव मजकुरात घ्यायचं.

दुसरा खळगा गॅझेटिअरचा. जिल्हा गॅझेटिअर हा मोठा आधार आहे, पण त्याचं साल बघा. परभणीचं १९६७ चं आहे, बीडचं १९६९ चं. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल त्यात काही सापडणार नाही. दुष्काळाआधी जिल्ह्यात विहिरी किती होत्या, बागायत किती होतं, कुठली पिकं निघत, हे मात्र त्यातच मिळेल, आणि तुलनेसाठी तेही लागतंच.

कागद कुठे कुठे असतात

वर्गात आपण शिकतो की त्या काळातलं ते प्राथमिक साधन आणि नंतर कुणी अभ्यासून लिहिलेलं ते दुय्यम. हे ठीक आहे, पण साधन प्राथमिक की दुय्यम हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. मुक्तिसंग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, म्हणजे १९९८ च्या सुमारास, एखाद्या शाळेनं काढलेली स्मरणिका घ्या. १९४८ मध्ये काय झालं हा प्रश्न असेल तर ती दुय्यम. पन्नास वर्षांनी लोक तो लढा कसा आठवत होते हा प्रश्न असेल तर तीच प्राथमिक.

आपल्या दुष्काळाच्या प्रश्नासाठी मी पोरांना सगळ्यात आधी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पाठवतो. तिथं दाखल-खारीज रजिस्टर असतं. लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं, कडा कुरतडलेलं. त्यात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, कधी दाखल झाला, कधी नाव कमी झालं आणि का, असे रकाने असतात. १९७२ ची पानं उघडा आणि शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत जा. ‘सतत गैरहजर’. ‘परगावी गेला’. ‘सतत गैरहजर’. ही ओळ दुष्काळाबद्दल बोलतो आहोत म्हणून कुणी लिहिलेली नाही. मास्तरांनी रोजचं काम म्हणून लिहिली. म्हणूनच तिचं मोल फार. ज्या कागदाला तुमच्या प्रश्नाची खबरच नव्हती, तो सहसा सगळ्यात प्रामाणिक साक्ष देतो. पण एकट्या १९७२ वर थांबू नका. १९६८ ते १९७५ मोजा, नाहीतर बहात्तरला गेलेली मुलं इतर वर्षांपेक्षा जास्त की कमी हे कळणार कसं?

दुसरा कागद सातबारा. आपण त्यात मालकाचं नाव शोधतो, पण इतिहासासाठी बारा नंबरचा भाग बघायचा. पीक कुठलं, किती क्षेत्र पड राहिलं आणि जलसिंचनाचं साधन काय. या शेवटच्या रकान्यात ‘विहीर’ लिहिलेले गट एका कागदावर उतरवून काढा. गावात विहिरी कुणाकुणाच्या होत्या, याची यादी तुमच्या हातात येईल. “पाणी होतं” या वाक्यातलं पाणी कुणाचं, हे तिथून उलगडायला लागतं. जुनी पत्रकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. रीतसर अर्ज, ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र घेऊन जा, गटांचे क्रमांक आधीच लिहून न्या. एका चकरेत काम होईल असं समजू नका.

त्याच अर्जात गावाची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, मागा. आणेवारी पिकाची असते, पाण्याची नसते, हे मात्र डोक्यात असू द्या. आणेवारी कमी लागली एवढ्यावरून विहिरी आटल्या असं म्हणता येत नाही. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, मिळाली तर तीही बघा.

याखेरीज वर्तमानपत्रं. त्या वेळी औरंगाबादेतून दैनिक ‘मराठवाडा’ निघत होता. जुन्या फायली मोठ्या ग्रंथालयात विचारा. विधानसभेच्या चर्चा छापील मिळतात. निजामकाळात मागे जायचं असेल तर औरंगाबादचं पुराभिलेखागार आणि हैदराबादचं राज्य अभिलेखागार. तिथं उर्दू येणारं माणूस सोबत हवं, जुन्या कागदांना मोडी वाचणारंही. आणि निजामाच्या कागदांवरच्या फसली सनाची सवय करून घ्या. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यात सुरू होई. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. आबान हा त्या वर्षाचा शेवटचा महिना. आबान १३५७ ची तारीख असलेला कागद १९४७ चा समजून लिहिला, तर पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ मधल्या लष्करी कारवाईच्या, दिवसांतला कागद एक वर्ष मागे जाऊन बसेल आणि तुमची सगळी मांडणी कोसळेल.

माणसांना बोलतं करणं

कागदात बायका फार कमी, भूमिहीन त्याहून कमी. त्यांच्यासाठी मुलाखतच घ्यावी लागते. मुलाखतीत प्रश्नच उत्तर बिघडवतो, हे मी एका विद्यार्थिनीच्या वहीत फार जवळून बघितलं. तिनं पहिल्या दिवशी आजीला विचारलं, “आजी, बहात्तरला पाणी होतं ना?” आजी म्हणाली, “व्हतं की माय.” संपलं. तिनं तेवढंच लिहून आणलं. मी तिला म्हटलं, परत जा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिवस विचार.

दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं, “उठल्या उठल्या पहिलं काय करायचात?”

“पयलं पानी. तांबडं फुटायच्या आत वढ्यात जायचं. झिरा उकरायचा, वाटीवाटीनं घागर भरायची. मग खडीवर. मुकादम हजेरी घ्यायच्या आत पोचायचं.”

“गावात विहीर नव्हती का?”

“व्हती की. पानीबी व्हतं तिला. पर आमाला कुठं शिवू देत व्हते? वरल्या आळीची बाई येऊन वतील तवा.”

त्याच विहिरीबद्दल वरच्या आळीतले एक आजोबा तिला आधी म्हणाले होते, “आमच्या विहिरीला बाराही महिने पाणी. सगळं गाव प्यायचं.” दोघंही आपापल्या ठिकाणी खरं बोलत होते. फक्त ‘सगळं गाव’ या शब्दात कोण बसतं हे दोघांचं वेगळं होतं. त्या पोरीचा निबंध त्या दिवशी जन्माला आला. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा, हे तिला पाठ होतं, आणि “१९५५ नंतर पाणवठे सर्वांना खुले झाले” असं वाक्य तिनं लिहूनही ठेवलं होतं. ते तिनं स्वतःच्या हातानं खोडलं. कायदा हा सरकारला काय हवं होतं याचा पुरावा. गावात काय घडत होतं, याचा पुरावा वेगळा शोधावा लागतो.

मुलाखतीला जाताना दोन गोष्टी सांभाळा. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका, “तेव्हा लग्न झालं होतं का? थोरलं पोर केवढं होतं? मिलो यायला लागला होता का?” असं विचारा. मिलोची लाल ज्वारी, शाळेत आणि कामावर मिळालेली सुकडी, या आठवणींना धरून काळ पक्का लावता येतो. आणि परवानगी दोनदा घ्या, एकदा बोलण्याआधी आणि एकदा लिहून झाल्यावर. त्या आजीला अजून त्याच गावात राहायचं आहे. तिचं नाव छापून आपण मोकळे होतो, ती होत नाही. त्या विद्यार्थिनीच्या निबंधात आम्ही “महिला, वय अंदाजे ७५” एवढंच ठेवलं.

साधनाची उलटतपासणी

प्रत्येक साधनाला विचारा : तुला कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, कशासाठी? तू हे स्वतः पाहिलंस की ऐकलंस? आणि तुझ्यात काय आलेलं नाही?

सातबारा विश्वासाचा कागद वाटतो. पण पीकपाहणी बांधावर जाऊन व्हायची तशी चावडीत बसूनही व्हायची, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. वर्षानुवर्षं एकाच गटात शब्दाशब्दाला तीच नोंद दिसली तर सावध व्हा. कामावरच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, किती नावं आहेत हे मुकादम लिहितो. किती माणसं होती हे वेगळं असू शकतं. वर्तमानपत्रातली बातमी ज्या गावापर्यंत बातमीदार पोचला त्या गावाची असते. यामुळे साधन टाकून द्यायचं नाही. त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं.

मुलाखतीच्या बाबतीत एक जास्तीचा प्रश्न लागतो, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठवण ज्या काळाची असते आणि ज्या काळात सांगितली जाते, त्या दोन्ही काळांची ती साक्ष असते. “बहात्तरला पाणी होतं” हे वाक्य १९७२ मध्ये कुणी बोललं असेल का? भाकरीला मोताद झालेला माणूस पाण्याचं कौतुक करत बसणार नाही. हे वाक्य सुचतं ते पाणी नाहीसं झाल्यावर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात कुणी आजोबांना बहात्तरबद्दल विचारलं असेल, तर उत्तर देताना त्यांच्या डोळ्यांपुढे ती गाडी असणारच. म्हणून मुलाखतीची तारीख ही शोभेची नोंद नाही. ती न लिहिता मुलाखत वापरली तर अर्धा पुरावा हरवतो. त्या वाक्याचाच इतिहास शोधायचा असेल तर १९७२-७३ चं वर्तमानपत्र उघडा आणि त्यात पिण्याच्या पाण्याबद्दल काय छापलंय ते बघा. आठवण आणि त्या वेळचा कागद शेजारी शेजारी ठेवले की निबंधाचा गाभा तिथंच सापडतो.

मन दुखावणारा पुरावा

दुष्काळापेक्षा अवघड जागा १७ सप्टेंबरच्या निबंधात येते. रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा, १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य शिरलं आणि पाच दिवसांत निजामानं हत्यार खाली ठेवलं, हे सगळे लिहितात आणि ते लिहिलंच पाहिजे. आपल्या आजा-पणजांनी ते सोसलं आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात, आपल्या उस्मानाबाद आणि नांदेड भागातही, मुसलमान वस्त्यांवर जे ओढवलं त्याचाही कागद आहे. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस फिरून अहवाल दिला. तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आकडा कसा वापरायचा हे शिकायला हा अहवाल घ्या. समितीनं पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला आहे. निबंधात “४० हजार मारले गेले” असं लिहिलं तर ते चूक, आणि आकडा आवडत नाही म्हणून गाळला तर तीही चूक. लिहायचं असं : सुंदरलाल समितीच्या अंदाजानुसार संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार. अंदाज कुणाचा, कुठल्या प्रदेशाचा, खालची आणि वरची मर्यादा काय, हे तिन्ही वाक्यात आलं पाहिजे. मग समिती कधी फिरली, कुणाशी बोलली, तिची मर्यादा काय, हे पुढच्या वाक्यात. ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्दसुद्धा तपासा. कारवाई सैन्यानं केली, तिचं लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. मग तिला पोलीस का म्हटलं गेलं? शब्द निवडण्यामागेही हेतू असतो आणि तोही पुरावाच.

तुमच्या घरातल्या आठवणीशी न जुळणारा कागद सापडला की छातीत धस्स होतं. माझंही झालं आहे. तो कागद बाजूला न सारता निबंधात घ्या, आणि घरातली आठवणही घ्या.

टिपणं

टिपणं वहीत सलग लिहू नका. सुटे कागद किंवा कार्डं वापरा, एका कार्डावर एकच गोष्ट. वर साधन आणि पान, गट किंवा तारीख. मध्ये साधनाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हात. खाली वेगळ्या शाईनं तुमचा विचार. शाई वेगळी नसेल तर महिन्यानं तुम्हालाच कळणार नाही की हे वाक्य तुमचं की पुस्तकातलं, आणि चोरी करायची नसतानाही चोरी होते. मोबाइलवर कागदाचा फोटो काढाल तेव्हा बस्त्याचं नाव किंवा रजिस्टरचा पुठ्ठा आधी टिपा, मगच पान.

मोबाइलवर आयतं उत्तर देणाऱ्या यंत्राला विचारलं तर ते पुस्तकाचं नाव, पान, साल सगळं छान रचून देतं. पुस्तक हातात घेऊन ते पान उघडल्याशिवाय त्यातला एकही संदर्भ निबंधात जाऊ देऊ नका.

लिहायला बसताना

सगळी कार्डं जमिनीवर पसरा. आता प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ : “आमच्या गावात १९७२-७३ मध्ये विहिरींना पाणी होतं, पण ते जमिनीच्या मालकीप्रमाणे वाटलं गेलं, धान्याची टंचाई सगळ्या मजूरवर्गाला बसली, पाण्याची मात्र आळीनुसार.” हे वाक्य भिंतीवर चिकटवा. त्याला आधार देणारी किंवा आव्हान देणारी कार्डं तेवढी ठेवा. बाकीची कितीही कष्टानं मिळवलेली असली तरी पाकिटात घाला. इथं सगळ्यांचा जीव तुटतो.

परिच्छेद साधनांच्या क्रमानं लावू नका. “सातबारा सांगतो… शाळेचं रजिस्टर सांगतं… आजी सांगतात…” असा निबंध साक्षीदारांची रांग होते, निकालपत्र होत नाही. परिच्छेद मुद्द्यांनी लावा आणि एका मुद्द्यावर दोन-तीन साधनं एकत्र बोलू द्या.

एक कच्चा परिच्छेद बघा :

“१९७२ मध्ये मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला होता. लोकांचे अतोनात हाल झाले. मुलांचे शिक्षण थांबले. लोक खडी फोडायला जात. खरोखरच तो काळ अंगावर शहारे आणणारा होता.”

यात खोटं काही नाही, पण हे कुठल्याही गावाबद्दल, घरात बसून लिहिता आलं असतं. आता तेच असं लिहिलं तर, यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही भरा :

“दुष्काळानं सगळ्यात आधी शाळेतली मुलं हलवली. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १९६९ ते १९७१ या काळात वर्षाला सरासरी ५ नावं कमी झाली. १९७२-७३ या एका वर्षात १९ झाली, आणि त्यातल्या १४ जणांपुढे ‘परगावी’ किंवा ‘सतत गैरहजर’ असं कारण आहे. या १९ पैकी १६ मुलांच्या घरच्यांच्या नावे सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही. रजिस्टर कारण खोलात सांगत नाही, पण ‘थोरलीला धाकट्यापाशी ठेवून आम्ही खडीवर जायचो’ हे एका मजूर स्त्रीचं सांगणं या गैरहजेरीचा एक अर्थ दाखवतं. सगळी मुलं याच कारणानं गेली असं त्यावरून म्हणता येणार नाही.”

पहिलं वाक्य दावा करतं. मग पुरावा येतो, तोही आधीच्या वर्षांशी तुलना करून. दुसरं साधन पहिल्याशी जोडलं जातं. मग अर्थ, आणि शेवटी हा पुरावा कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो याची कबुली. ही कबुली पोरं गाळतात. त्यांना वाटतं त्यानं निबंध लेचापेचा दिसेल. परीक्षकाला नेमकं तेच वाक्य वाचून कळतं की लिहिणाऱ्यानं कागद खरोखर हाताळला आहे.

अवतरण लहान ठेवा. मुलाखतीतली बोली सुधारून प्रमाण करू नका. “वतील तवा” याचं “ओततील तेव्हा” केलं की ती बाई वाक्यातून निघून जाते. कठीण शब्दाचा अर्थ तळटिपेत द्या. तळटिपेत एवढं असावं की दुसरं माणूस त्याच कपाटापर्यंत पोचेल : गाव नमुना, गट क्रमांक, वर्ष, कार्यालय, मुलाखतीला कुणाची (नाव किंवा वर्णन), गाव, तारीख, कुणी घेतली, वर्तमानपत्राला नाव, आवृत्ती, तारीख, पान.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. अर्ध्या पानात प्रश्न, तो का पडला, कुठली साधनं वापरली आणि तुमचं उत्तर थोडक्यात. “इतिहास म्हणजे भूतकाळाचा आरसा” यानं सुरुवात करायची गरज नाही. मग निबंध मोठ्यानं वाचा, प्रत्येक वाक्यापाशी थांबून “कशावरून?” म्हणा. जिथं उत्तर येत नाही तिथं एकतर कार्ड शोधा नाहीतर वाक्य काढा. शेवटच्या वाचनात “सर्व”, “नेहमी”, “कोणीही”, “अतोनात” एवढे चार शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी ते पुराव्यापेक्षा मोठे झालेले असतात.

निबंध जमा करण्याआधी एक प्रत घेऊन गावात जा. शाळेत मुख्याध्यापकांना द्या, आणि जिची मुलाखत घेतली तिला तिचा भाग वाचून दाखवा. आमच्या त्या विद्यार्थिनीनं वाचून दाखवलं तेव्हा आजी मध्येच थांबवून म्हणाली, “वाटी न्हाई माय, नरुटी. नारळाची नरुटी व्हती. वाटी कुठली आमच्याकडं.” पोरीनं तिथंच बसून ती ओळ दुरुस्त केली.